दालचिनीचे तुकडे

नुगेगोडा, कोलंबो
२१ मे १९९५

तात्ता,

घरात पाऊल ठेवायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. टपालाबद्दल काही बोलला नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मला विद्यापीठात प्रवेश मिळाला. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि व्यवसायनीती, दीड वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. दिवसा एका जहाज कंपनीत टायपिंग करते, संध्याकाळी वर्गात बसते. जेवण घरमालकीण देते. ते कसं असतं हे अम्माला कळवू नका.

तुम्ही म्हणाल, व्यापार शिकायला विद्यापीठ कशाला लागतं? तुम्ही कुठे शिकलात? बरोबर आहे. पण माझी शाळा तुमचं दुकान होतं आणि त्या शाळेतून तुम्ही माझं नाव काढून टाकलंत. बारा वर्षांची होते तेव्हापासून मेक्सिकोतल्या तुमच्या गिऱ्हाइकाला, वेराक्रूझच्या मोरालेसना, तुमची पत्रं मी लिहिली. दालचिनीची नळी कानाशी धरून मोडली की आवाजावरून तिची प्रत सांगायची, हे तुम्ही धाकट्या रुवनला शिकवत होतात. तो जांभया देत होता, शिकले मी.

आणि एप्रिलात नववर्षाच्या मुहूर्तावर, दूध उतू गेल्यावर, किरिबतचा दूधभात कापायच्या आधी तुम्ही दुकानाची किल्ली रुवनच्या हातात दिलीत. साल सोलणारे सगळे कामगार, त्यांच्या बायका, सगळे उभे होते. "आजपासून मालक हा." बिचारा रुवन! त्याला कुठे बघावं तेच कळेना. मी विचारलं, "आणि मी?"

"तू बलपिटियाच्या दलालाच्या घरी सून म्हणून जा. त्यांनाही पत्रं लिहिणारं कुणीतरी हवंच आहे."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला लग्नाचा राग नव्हता, तात्ता. किल्लीचाही एवढा नव्हता. त्या हसण्याचा आहे. तो अजून ताजा आहे आणि मी तो जपून वापरणार आहे.

इनोका


१३ ऑगस्ट १९९५

तात्ता,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं. रुवन म्हणाला, माझं पत्र आलं की तुम्ही ते घेऊन मागच्या पडवीत जाता आणि बराच वेळ येत नाही. म्हणजे वाचता. तेवढं पुरे आहे.

आमच्या एदिरिसिंघे मॅडमची तुमच्याशी ओळख करून द्यायला हवी. तुमचं जमलं असतं. ठेंगणी बाई, पांढरी साडी, आवाज कधी चढत नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेली एक कंपनी सांगा. मुलांनी साबणाच्या, विमानांच्या, सिगारेटच्या कंपन्या सांगितल्या. मी म्हणाले, "एस. जी. विक्रमनायके आणि मुलगा, करंदेनिया."

वर्ग हसला. 'आणि मुलगा' हे त्यांना फारच आवडलं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही कंपनी बुडवायची असेल तर कुठून सुरुवात करशील?"

मी खाली वहीकडे बघितलं.

"घरची आहे वाटतं. मग बस खाली. ज्याच्यावर माया आहे त्याच्याविरुद्ध माणसाचं डोकं चालत नाही."

मी बसले नाही. म्हणाले, "मालकाच्या गर्वापासून."

"गर्व मला मोजता येत नाही. मोजता येईल असं काहीतरी घेऊन ये," एवढं बोलून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

गेल्या रविवारी रुवन आला होता. अम्माने तळलेले कोकिस आणि डबाभर तिखट कट्टा संबोल पाठवलं होतं. त्याला रागावू नका, मीच त्याला पत्ता कळवला होता. खोलीत खुर्ची एकच, म्हणून तो जमिनीवर बसला आणि खिशातून मोरालेसचं पत्र काढलं.

"अक्का, याला काय लिहू गं? तात्तांना विचारलं तर म्हणतात, मालक तू, तूच लिही."

"मग लिही."

"मला त्याचं इंग्रजीच कळत नाही. नम्रपणे बोलतोय की शिव्या देतोय?"

मी उत्तर लिहून दिलं. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "दुकान तुझंच आहे अक्का, मी नुसता राखण करतोय."

असा मुलगा तुम्ही मालक केलात.

इनोका


३ डिसेंबर १९९५

तात्ता,

मॅडमना हवं होतं ते सापडलं. मोजता येणारं.

तुमची नळी साडेतीन फूट लांब असते. सरळ, एकसारखी, कुठे गाठ नाही, भेग नाही. तुम्ही ती पाहुण्यांना दोन्ही हातांवर आडवी धरून दाखवता, जन्मलेलं मूल दाखवावं तशी. आणि मेक्सिकोतल्या बाईच्या स्वयंपाकघरातली बरणी असते माझ्या तळहाताएवढी. मोरालेस मी घर सोडल्यापासून म्हणतोय, लहान तुकडे कापून पाकिटात भरून पाठवा, तिकडे कापायला मजुरी परवडत नाही, शिवाय चुरा होतो. हे रुवनने मला सांगितलं. तुम्ही काय म्हणालात तेही सांगितलं. "दालचिनी आहे की काकडी? कापायला सांगतोय!" तुमची नक्कल तो छान करतो. मी पोट धरून हसले.

त्यानंतर मोरालेसला तीन उत्तरं गेली. तिन्ही मीच लिहिली. तुमचा नकार मी इतक्या गोड शब्दांत लिहिला की तो चिडायच्या ऐवजी नाइलाजाने वाट बघत राहिला.

मी हे वर्गात मांडलं. नाव न घेता, 'दक्षिणेकडचा एक जुना निर्यातदार' म्हणून. त्याचा माल सगळ्यात चांगला आहे आणि म्हणूनच तो गिऱ्हाईकाचं ऐकत नाही. जो ऐकेल, त्याला दुय्यम मालावरही गिऱ्हाईक मिळेल. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हे तुला कसं कळलं?" मी म्हणाले, "आतून." त्यांनी मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली आणि त्याच दिवशी मी त्यांना आवडायला लागले.

मागच्या बाकावर एक पाहुणे बसले होते. रत्नायके. हो, तेच. तुम्ही ज्यांना 'कोलंबोचा मिठाईवाला' म्हणता, कारण ते दालचिनी चकचकीत कागदात गुंडाळून विकतात. वर्ग संपल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं. अभ्यास कसा चाललाय वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "नोकरीवर कधीपासून येतेस?"

इनोका


१० मार्च १९९६

तात्ता,

मोरालेसनी यंदा माल दुसरीकडून घेतला, हे कळलं. वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण तुम्हाला खोटं आवडत नाही.

मी रत्नायकेंकडे लागले, हेही एव्हाना कळलंच असेल. दोन गोष्टींचा संबंध जोडायचा असेल तर जोडा. बाजारात गिऱ्हाईक कुणाचंच नसतं, हे वाक्य मी पुस्तकात वाचायच्या आधी तुमच्या तोंडून ऐकलं होतं. तुम्ही हिक्कडुवाच्या म्हाताऱ्या सिरिसेनाचा जर्मन व्यापारी घेतलात तेव्हा. सिरिसेना आपल्या दारात बसून रडले होते आणि तुम्ही अम्माला म्हणाला होतात, "त्यांना पाणी दे आणि वाटेला लाव."

इथे कापायच्या खोलीत वीस मुली ओळीने बसतात. दिवसभर कटकट आवाज. वास मात्र आपल्या घरासारखाच येतो. मी तिथे फारशी जात नाही.

इनोका


२८ एप्रिल १९९६

तात्ता,

रुवन आला होता. त्याच्या गालावर बोटं उमटली आहेत असं सांगितलं असतं, पण तोपर्यंत ती गेली होती. त्यानेच सांगितलं. तुम्ही थोबाडीत मारलीत, दुकानात, सोलणाऱ्यांच्या देखत. शिवाय तुम्ही त्याच्या हातून किल्ली काढून घेतलीत आणि म्हणालात, "तोंडाला झाकण नसलेल्या माणसाला दुकान कशाला?"

त्याने मला काय विचारलं, ते लिहिते.

"अक्का, तुकड्यांचं मी कुणाला बोललो नव्हतो. फक्त तुला."

"मग?"

"तात्ता म्हणतात, मी दारूच्या अड्ड्यावर बडबडलो. मी पितो का गं?"

"नाहीस पीत."

"तू कुणाला सांगितलंस?"

मी नाही म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तात्ता. लगेच विश्वास ठेवला. म्हणाला, "मग माझ्याच तोंडून कुठेतरी गेलं असणार. बसमध्ये वगैरे. मी फार बोलतो ना." आणि माझ्या ताटातला मासा उचलून खाल्ला, लहानपणी खायचा तसा.

तो सैन्यात भरती होतोय. पुढच्या महिन्यात बोलावलं आहे. तुम्हाला सांगायचं धैर्य नाही म्हणून मला सांगितलं. मी काय म्हणाले? म्हणाले, वर्दी तुला शोभेल.

आता तुम्हाला खरं माहीत आहे. तुकड्यांचं मी सांगितलं. रत्नायकेंना, चहा पिता पिता. त्याचा काही दोष नाही. त्याला हे सांगितलंत तर तो कदाचित जाणार नाही. तो पळून चाललाय ते लाजेने, शौर्याने नाही. पण सांगायचं तर आधी त्याच्या गालाची माफी मागावी लागेल, त्याच लोकांच्या देखत. जमेल तुम्हाला?

मी सांगणार नाही. मला बघायचं आहे, तुम्ही सांगता का.

इनोका


१९ जुलै १९९६

तात्ता,

परवा तुम्ही रत्नायकेंच्या ऑफिसात आलात त्यावर दोन शब्द.

खालच्या मुलीने वर येऊन सांगितलं, कुणी माल विकणारे आले आहेत, सारोंग, कोट आणि छत्री. मला वाटलं, कुणी असतील. काचेतून बघितलं तर तुम्ही. माणसांच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, छत्री गुडघ्यांमध्ये धरून. मी लगेच बाहेर आले असते. मुद्दाम आले नाही. तुमच्या आधीच्या तिघांची कामं सावकाश उरकली.

तुम्ही माझ्याकडे न बघता रत्नायकेंना म्हणालात, "तुमच्याकडे ही मुलगी आहे. हिने सख्ख्या भावाच्या तोंडातलं काढून तुम्हाला दिलं. उद्या तुमचं काढून दुसऱ्याला देईल. सावध करायला आलो."

अम्माला सांगून आला असाल, आज तिची नोकरी घालवून येतो म्हणून. बरोबर?

रत्नायके चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "विक्रमनायके महत्तया, म्हणून तर ठेवलीय हिला. ज्या दिवशी दुसरा कुणी हिला मागायला येईल, त्या दिवशी मी हिचा पगार वाढवीन."

ते हसले. मीही हसले. खोलीत तिघं होतो आणि दोघं हसत होते. हे तुम्हाला आठवण करून देण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला आठवलं, ते मी बघितलं.

मग त्यांनी विचारलं, माल पडून आहे का? असला तर आणा. "लांब नळ्या चालतात आम्हाला. कापायच्याच असतात." तुम्ही कप हातात धरून होतात, एक घोट घेतला नाहीत. आणि मला वाटलं, आता उठून जातील, कप आपटतील, काहीतरी बोलतील. तुम्ही म्हणालात, "आणतो."

जिन्यात तुम्ही माझ्याशी बोललात. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा.

"रुवनचं पत्र येतं का तुला?"

"येतं."

"काय म्हणतो?"

"खुशाल आहे म्हणतो. जेवण चांगलं आहे म्हणतो."

तुम्ही मान हलवलीत आणि कठड्याला धरून उतरलात. त्याचं एकही पत्र मला आलेलं नाही. तुम्हालाही येत नाही, हे मला तुमच्या प्रश्नावरूनच कळलं. आणि आणखी एक कळलं. त्याच्या गालाची माफी मागितली असतीत, तर त्याची खबर माझ्याकडे शोधायला आला नसतात. म्हणजे तुम्ही सांगितलं नाहीत. तो स्वतःच्या तोंडाला दोष देत गेला.

तुमचे गठ्ठे काल पोचले. मी स्वतः तपासले. पहिली प्रत लावली आहे. होती म्हणून लावली, मेहरबानी समजू नका. आज ते कापायच्या खोलीत गेले.

इनोका


२७ ऑक्टोबर १९९६

तात्ता,

त्या दिवशी घरात इतकी माणसं होती की बोलता आलं नाही. आणि तुम्ही जे विचारलंत त्यानंतर बोलण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. तरी सकाळचं तुम्हाला माहीत नाही, ते लिहिते.

सोमवारी माझी तोंडी परीक्षा होती. सगळ्या अभ्यासक्रमाचा शेवट. सकाळी केस विंचरत असताना कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हाक मारली, गावाहून फोन आहे. आपल्या शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते. उत्तरेत रुवनच्या ट्रकखाली सुरुंग फुटला. पेटी आदल्या रात्रीच आली आहे. उघडायची नाही असं सांगितलंय. दुपारी दफन आहे, लगेच नीघ.

मी हो म्हणाले. फोन ठेवला. उरलेले केस विंचरले, साडी नेसले आणि विद्यापीठात गेले.

का गेले, ते मला विचारू नका. घरमालकिणीने काही झालं का म्हणून विचारलं, मी नाही म्हणाले. बाकावर माझ्या आधी चार मुलं होती. एकाला घाम फुटला होता, त्याला मी रुमाल दिला. आत तीन परीक्षक आणि मॅडम. तीच कंपनी, तेच तुकडे. मी इतकं छान बोलले, तात्ता! एकदाही अडखळले नाही. एका परीक्षकाने विचारलं, "त्या जुन्या निर्यातदाराचं पुढे काय झालं?" मी म्हणाले, "आता ते आमचे पुरवठादार आहेत." ते तिघंही खूश झाले. मॅडम बाहेर सोडायला आल्या, हे त्या कुणासाठी करत नाहीत. म्हणाल्या, "पहिली येशील. घरी कळव."

मग मी गाडीत बसले.

वळणापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना पांढऱ्या पताका होत्या. माणसं परतत होती. सगळ्यांनी मला वाट दिली, कुणी थांबलं नाही. तुम्ही दारातच बसला होतात. मला वाटलं, हाकलून द्याल. मी त्याचीच तयारी करून आले होते. हाकललं असतंत तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणालात, "परीक्षा झाली?"

"झाली."

"पास?"

"पहिली येईन म्हणतात."

"मग ये आत." आणि आत वळून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हिला जेवायला वाढा गं. परीक्षा देऊन आलीय."

अम्माने ताट वाढलं, माझ्यापासून हातभर लांब ठेवलं आणि मोरीत जाऊन हात धुतले. मी ताट ओढून घेतलं आणि जेवले. सगळं जेवले. तुम्ही बघत होतात, म्हणून.

इनोका


१४ जानेवारी १९९७

तात्ता,

तुमचं पत्र मिळालं. आयुष्यातलं पहिलं, तेही पोस्टकार्ड. दोन वाक्यं. 'दुकान तुझं. रुवनला मी सांगितलं नव्हतं.'

पहिल्या वाक्यासाठी मी पावणेदोन वर्षं थांबले, पण दुसरंच जास्त वेळा वाचलं.

मीही नव्हतं सांगितलं. तुम्हाला वाटत असेल, निदान हिने सांगितलं असेल. मला वाटत होतं, निदान शेवटी तरी तात्ता सांगतील, बस सुटायच्या आधी, नाहीतर पत्रातून. दोघंही एकमेकांच्या भरवशावर बसलो आणि तो गेला. हे ज्यांना माहीत आहे अशी जगात आपण दोनच माणसं आहोत. धंदा करायला एवढी जवळीक पुरेशी आहे.

तेव्हा आता धंद्याचं.

दुकान माझ्या नावावर होईल, लेखी, एल्पिटियाच्या वकिलाकडे. पाटीवरचं 'आणि मुलगा' तसंच राहील. ते काढायचं असं तुमच्या मनात असेल, किंवा त्या जागी 'मुलगी' लिहायचं, तर तसं करू नका. लोकांना रोज वाचू दे. तुम्हालाही.

मागच्या पडवीत कापायची खोली होईल. तुम्ही पत्रं वाचायला जिथे जाता, तीच जागा. उजेड तिथेच चांगला आहे. तुम्ही दुकानात बसलात तर चालेल, पण नळीला हात लावायचा नाही. तुम्हाला कापताना बघवणार नाही, आणि तुम्हाला बघवत नाही हे बघायला माझ्याकडे वेळ नसेल.

रत्नायकेंची नोकरी मी सोडली. मोरालेसला त्यांच्याकडून परत कसा आणायचा हे मला माहीत आहे. मी निघताना ते म्हणाले, "तुझ्या बापाने सांगितलं होतं." हसत नव्हते.

शनिवारी तीन महिन्यांचं दान आहे, भिक्खूंना जेवण आहे, हे मुख्याध्यापकांनी कळवलं. त्याला मी येणार नाही. भिक्खू विचारतील, मरण पावलेल्याची कोण? त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येणार नाही, आणि बहीण म्हटलं तर अम्मा पुन्हा हात धुवायला उठेल. मी सोमवारी येईन, दुकान उघडायच्या वेळी.

अंबलंगोडाला उतरून बसने येते. स्टेशनवर कुणाला पाठवू नका. तसंही आता पाठवायला आहे कोण तुमच्याकडे?

इनोका